पाण्यात पडलं की पोहता येतं? गुहेतल्या डायव्हिंगचे चित्रपट आणि त्यांत न दिसणारी शाळा

मागे उभे आहेत त्यांनी पुढे येऊन सतरंजीवर बसायला हरकत नाही, जागा आहे.

आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला दोन प्रश्न विचारले गेले. पहिला, पुण्यात बसून गुहेतल्या डायव्हिंगवर बोलायचं कारण काय? दुसरा, तुम्ही स्वतः डायव्हर आहात का? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो. नाही. आम्ही तिघं मित्र आहोत, वर्षानुवर्षं टिळक तलावावर पोहणारे आणि सिनेमे जरा जास्तच पाहणारे. टिपणं तिघांची आहेत, बोलणारा एक आहे, म्हणून 'आम्ही'. पुणेरी आदरार्थी बहुवचन समजू नये. (हशा)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे. २३ जून २०१८ला थायलंडच्या चियांग राय प्रांतात थाम लुआंग नावाच्या गुहेत फुटबॉल खेळणारी ११ ते १६ वर्षांची १२ मुलं आणि त्यांचा २५ वर्षांचा प्रशिक्षक अडकले. पाऊस आला, गुहेत पाणी भरलं, परतीची वाट बुडाली. २ जुलैला दोन ब्रिटिश डायव्हरांना ती मुलं जिवंत सापडली, गुहेच्या तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत. ८, ९ आणि १० जुलै या तीन दिवसांत सगळे बाहेर आले. हे सगळं तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं आहे. त्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांत आणखी एक बातमी होती. पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे गेले होते. ५ जुलैपासून ते गुहेपाशी होते, आणि मोठ्या क्षमतेचे चार पंप किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात विमानाने पाठवायला तयार ठेवले होते. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावचा पंप शेताच्या विहिरीवर पाहिलेला नाही असा माणूस या सभागृहात क्वचितच असेल. तर पुण्याचा संबंध हा असा, पंपापुरता. आपण पाणी उपसणारे लोक. पाण्याखाली जाणारे नव्हेत.

आणि याला भूगोलही कारण आहे. सह्याद्री बेसॉल्टचा. पाण्याने चुनखडी विरघळून मैलोन्‌मैल बोगदे होतात, तसं आपल्याकडच्या दगडात होत नाही. कार्ले, भाजे, बेडसे ही आपली लेणी माणसांनी छिन्नीने कोरलेली आहेत आणि तिथे फार तर पाण्याचं टाकं असतं. त्यामुळे पाण्याने भरलेल्या गुहेत पोहत जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कळतं ते फक्त पडद्यावरून. गिर्यारोहणावरचा सिनेमा पाहताना पुण्यातला प्रेक्षक मध्येच म्हणू शकतो, "अहो, असं बिले देत नाहीत." इथे तसं म्हणणारा कुणी नाही. चित्रपट सांगेल तेच खरं. म्हणून या चित्रपटांकडे जरा कडक नजरेने पाहायला हवं असं आम्हाला वाटलं.

आपल्याकडे एक म्हण वजा समजूत आहे: पाण्यात पडलं की पोहता येतं. आमच्या आधीच्या पिढीतले बहुतेक लोक तसेच शिकले. पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा, काकांनी विहिरीच्या काठावरून ढकलायचं, नाकातोंडात पाणी गेलं की हातपाय आपोआप हलतात. विहिरीपुरतं ते ठीक होतं, कारण वर आकाश होतं आणि काठावर काका होते. आमची तक्रार अशी आहे की गुहेतल्या डायव्हिंगवरचे बहुतेक चित्रपट हीच समजूत कोट्यवधी रुपये खर्चून पुन्हा सांगतात. प्रसंग आला, माणूस पाण्यात पडला, धैर्य होतं म्हणून तरला. प्रत्यक्षात गुहेत नेमकं उलटं आहे. तिथे जे येतं ते पाण्यात पडायच्या आधी आलेलं असतं. वर आकाश नाही, दगड आहे. घाबरून वर यायची सोयच नाही.

आता चित्रपटांकडे येऊ. थाम लुआंगवर बरंच काही निघालं. २०१९ला टॉम वॉलरचा 'द केव्ह', २०२१ला एलिझाबेथ चाय वासरहेली आणि जिमी चिन यांचा माहितीपट 'द रेस्क्यू', २०२२ला रॉन हॉवर्डचा 'थर्टीन लाइव्ह्ज', शिवाय नेटफ्लिक्सची मालिका. आम्ही मुख्यतः 'थर्टीन लाइव्ह्ज' आणि 'द रेस्क्यू' यांच्यावर बोलणार आहोत, कारण दोन्ही चांगले आहेत. वाईट चित्रपटाशी भांडण्यात मजा नाही. जेम्स कॅमेरॉनने निर्मिती केलेला २०११चा 'सँक्टम' आम्ही एका वाक्यात संपवतो: त्यात उपकरणं खरी आहेत आणि माणसं खोटी.

'थर्टीन लाइव्ह्ज'चं आधी कौतुक. नायक म्हणजे पिळदार तरुण नव्हेत. रिक स्टँटन हा निवृत्त अग्निशामक जवान, जॉन व्होलँथन संगणक क्षेत्रातला. दोघेही मध्यमवयीन, हौसेखातर गुहांमध्ये जाणारे. व्हिगो मॉर्टेन्सन आणि कॉलिन फॅरल यांनी त्यांना कुठेही सुपरमॅन केलेलं नाही. पाण्याखाली संगीताचा मारा नाही, श्वासाचा आणि सिलिंडर दगडावर घासण्याचा आवाज पुरतो. किती आत आलो हे नकाशावर दाखवत नेल्यामुळे अंतर अंगावर येतं. हे सगळं मान्य.

पण अडीच तासांच्या जवळ जाणाऱ्या या चित्रपटात एका प्रश्नाला उत्तर नाही. हे दोन हौशी गृहस्थ जे करू शकतात ते थायलंडच्या नौदलाचे कमांडो का करू शकत नाहीत? चित्रपट थाई कमांडोंचा आदर करतो, त्यांना हास्यास्पद करत नाही, तेही बरं. पण प्रेक्षक घरी जाताना काय समजून जातो? ब्रिटिशांकडे काही अंगभूत थंडपणा असावा. आमच्या इमारतीतल्या एका काकांनी तर "गोऱ्यांचं डोकं शांत असतं" असा निष्कर्ष काढला. चित्रपटाने उत्तर दिलं नाही की प्रेक्षक आपल्या पदरचं उत्तर घालतो, ते असं.

उत्तर खरं तर साधं आहे. नौदलाचे जवान समुद्रात तयार झालेले होते. समुद्रात वर यायला वाट असते, सिलिंडर पाठीवर असतो, जोडीदार दिसतो. गुहेतले डायव्हर सिलिंडर दोन बाजूंना काखेखाली लावतात, म्हणजे अरुंद फटीतून जाता येतं आणि नळ्या, झडपा डोळ्यांसमोर राहतात. एक बंद पडला तर दुसऱ्यावर जाता येतं. हवा तीन हिश्शांत मोजतात: एक आत जायला, एक बाहेर यायला, एक संकटाला. आणि पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत अखंड दोरी. हे नियम कुणी खुर्चीत बसून केलेले नाहीत. फ्लोरिडातल्या गुहांमध्ये शेक एक्सली नावाच्या डायव्हरने मेलेल्या डायव्हरांच्या एकेका अपघाताचा अभ्यास केला आणि १९७९ साली त्यावर छोटंसं पुस्तक काढलं. दोरी नव्हती, हवा राखली नव्हती, फार खोल गेले होते. पुढे त्यात भर पडली की गुहेचं प्रशिक्षणच नव्हतं, दिवे पुरेसे नव्हते. मेलेल्यांत समुद्रातल्या डायव्हिंगचे शिक्षकसुद्धा होते. शिक्षक! म्हणजे कमी शिकलेले नव्हेत, वेगळं शिकलेले. आजही तिथल्या गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली पाटी असते, तिच्यावर कोयता घेतलेला मृत्यूचा सांगाडा, आणि मजकूर असा की प्रशिक्षण नसेल तर इथून मागे फिरा. खुद्द एक्सली १९९४ला मेक्सिकोत झकातोनच्या खोल पाण्यात गेला. त्याच्याही मृत्यूचा अभ्यास झाला. या विद्येची परंपराच अशी आहे, दहाव्या-तेराव्याला जमायचं ते हिशेब मांडायला.

या नजरेने समन कुनान यांच्याकडे पाहा. नौदलातून बाहेर पडलेले, ट्रायथलॉन करणारे, स्वतःहून मदतीला आलेले. ६ जुलैच्या पहाटे, आत सिलिंडर पोचवून परतताना पाण्याखाली बेशुद्ध झाले आणि गेले. गुहेपाशी त्यांचा पुतळा आहे. पुतळा असावाच. पण दोन्ही चित्रपटांत त्यांचा मृत्यू येतो तो बलिदान म्हणून, आणि बलिदान म्हटलं की पुढचा प्रश्न विचारणं अशोभनीय होतं. एक्सलीच्या परंपरेतला माणूस तिथे हात जोडेल आणि मग वही काढेल: किती हवा घेऊन निघाले होते, किती सिलिंडर होते, जोडीदार कुठे होता? हा अनादर नाही. पुढच्या माणसाचा जीव त्यातून वाचतो.

आता 'द रेस्क्यू'. माहितीपट म्हणून फार प्रभावी. खरे डायव्हर बोलतात, थाई नौदलाकडचं कित्येक तासांचं चित्रीकरण त्यांनी मिळवलं. बोगद्यातले पाण्याखालचे बरेच भाग मात्र नंतर इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओच्या टाकीत त्याच डायव्हरांकडून करवून घेतलेले आहेत. खऱ्याच माणसांनी केलं म्हणून ते खरं चित्रीकरण होत नाही. कुठलं कधीचं ते पडद्यावर लिहायला हवं होतं. पण आमचा मोठा आक्षेप वेगळा आहे. याच दोघा दिग्दर्शकांनी २०१८ला 'फ्री सोलो' केला होता. आठवा तो. दोराशिवाय एल कॅपिटान चढणारा ॲलेक्स होनॉल्ड. त्या चित्रपटाचा जीव कशात आहे? सरावात. दोर लावून तोच कडा पुन्हा पुन्हा, प्रत्येक बोट कुठे जाणार याची वही, एकदा मध्येच परत फिरणं. प्रत्यक्ष चढाई शेवटी येते, आणि आपण हादरतो कारण तोवर आपल्याला त्या कड्याची बाराखडी येत असते. म्हणजे सराव दाखवता येतो, कंटाळवाणा होत नाही, हे या दिग्दर्शकांनी स्वतःच सिद्ध केलंय. मग 'द रेस्क्यू'मध्ये स्टँटन लहानपणापासून एकलकोंडा होता, खेळाच्या संघात त्याला घेत नसत, असल्या मानसशास्त्रावर वेळ का गेला? माणूस शाळेत एकटा पडायचा म्हणून तो अंधारात शांत राहतो, हे स्पष्टीकरण ऐकायला गोड आहे. अंधारात तो शांत राहतो कारण त्याने अंधार शेकडो वेळा गिरवलाय.

गिरवणं म्हणजे काय, हे आम्ही थोडंसं करून पाहिलं. हसू नका. गुहेच्या अभ्यासक्रमात पाण्यात उतरण्याआधी जमिनीवर एक धडा असतो. झाडाझुडपांतून रीळावरची दोरी ओढत न्यायची, ठिकठिकाणी बांधायची, मग डोळे बांधून, हाताच्या बोटांनी दोरीचं कडं करून, तिला न ओढता परत यायचं. जोडीदार मागे, त्याचा हात तुमच्या दंडावर. बोलायचं नाही, सगळे इशारे दाबून. आम्ही सुतळीचा गुंडा घेऊन वेताळ टेकडीवर गेलो. सकाळी सहाची वेळ, फिरायला येणारे थांबून बघायला लागले. एका आजोबांनी विचारलं, "काय हरवलंय का?" पाच मिनिटांत आमच्यातल्या दोघांचं भांडण, बोलायचं नाही हा नियम पहिल्या मिनिटातच मोडलेला. मग कठीण धडा: दोरी हातातून सोडायची, दोन पावलं बाजूला जायचं आणि पुन्हा शोधायची. आमच्यातला जो सगळ्यांत आत्मविश्वासाने चालू लागला तो सरळ उलट्या दिशेला निघाला आणि बाभळीत शिरला. शिकवतात ते असं की दोरी सुटली त्या क्षणी थांब. जागचा हलू नकोस. जवळची छोटी फिरकी आधी कशाला तरी बांध, म्हणजे निदान आहेस ती जागा हरवणार नाही, आणि मग तिला धरून एकेका दिशेला चाचपड. सांगायला दोन वाक्यं. डोळे बांधल्यावर, बाभळीत, श्वास मोकळा असतानाही आम्हाला जमलं नाही.

आणि आता थाम लुआंगचा शेवटचा दिवस. क्रिस ज्युवेल नावाचा डायव्हर एका बेशुद्ध केलेल्या मुलाला घेऊन बाहेर येत होता. पाणी चहासारखं, हात दिसत नाही. दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेताना सुटली. एक हात मुलाला धरलेला. काही मिनिटं तो दोरी शोधत राहिला आणि अखेर हाताला लागली ती दोरी नव्हे, विजेची केबल. ती धरून तो कुठल्याशा दालनात बाहेर निघाला, आणि कळलं की आपण मागे आलोय. तिथे रिचर्ड हॅरिस, तो ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ, मागून येऊन पोचला आणि त्याने मुलाला पुढे नेलं. 'थर्टीन लाइव्ह्ज'मध्ये हा प्रसंग आहे, आणि कसा आहे? भीतीचा प्रसंग म्हणून. नट छान घाबरतो, आपणही घाबरतो. पण ही त्या माणसाची परीक्षा होती आणि तो उत्तीर्ण झाला, हे आपल्याला कळतच नाही, कारण अभ्यासक्रम आधी दाखवलेला नाही. सुरुवातीच्या अर्ध्या तासात कुणी तरी डोळे बांधून झाडांमधून चाचपडताना दिसलं असतं, तर या प्रसंगाला प्रेक्षागृहात शंभर माणसं मनातल्या मनात ओरडली असती, "थांब! हलू नकोस!" तोच खरा थरार. क्रिकेटचे नियम न कळणाऱ्याला शेवटच्या षटकात फक्त आरडाओरडा ऐकू येतो, तसं आपलं होतं.

गंमत अशी की चित्रपटातल्या नटांच्या प्रशिक्षणाबद्दल आपल्याला डायव्हरांच्या प्रशिक्षणापेक्षा जास्त माहिती आहे. नटांनी पाण्याखालची कामं स्वतः केली, फॅरलला किती भीती वाटली, स्टँटन आणि जेसन मॅलिन्सन सेटवर सल्ल्याला होते, हे सगळं मुलाखतींत छापून आलंय. जाहिरातीला शाळा चालते, कथेला चालत नाही.

आणि सराव प्रत्यक्ष घटनेत भरपूर होता, हे विसरू नका. मुलांना काढायच्या आदल्या दिवसांत एका शाळेच्या तलावात स्थानिक मुलांना पूर्ण चेहरा झाकणारे मास्क लावून, सिलिंडर बांधून रंगीत तालीम झाली. जमिनीवर पाण्याच्या बाटल्या मांडून, कोण कुठल्या दालनात, कुठला सिलिंडर कुठे, याची चालती-बोलती उजळणी झाली. डायव्हरांना वाटेत मुलांच्या मांडीत केटामीनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं गेलं. त्यांतले बहुतेक डॉक्टर नव्हेत! ज्या माणसाने कधी सुई टोचलेली नाही त्याला, अंधारात, बुडालेल्या दोन बोगद्यांच्या मधल्या फटीत उभं राहून हे करायचंय. या सरावापाशी कुठलाच चित्रपट थांबत नाही. आमच्या मते सगळ्या कथेतला सर्वांत नाट्यमय भाग तो तलाव आहे. दुपारची शाळा, निळं पाणी, आणि उगाचच शांत पडून राहायला सांगितलेला एक मुलगा.

थोडं तांत्रिक डायव्हिंग आणि रिब्रीदरबद्दल, कारण दुसऱ्या प्रकारचे चित्रपट तिथे येतात. साध्या स्कूबात सोडलेला श्वास बुडबुडे होऊन जातो. रिब्रीदरमध्ये तो परत फिरवतात. सोडा लाइम भरलेल्या डब्यातून जाताना त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि वापरला गेलेला ऑक्सिजन तेवढा पुन्हा घातला जातो. त्यामुळे थोड्या वायूत तासन्‌तास राहता येतं. दिग्दर्शकांना हे यंत्र आवडतं, बुडबुडे नाहीत, आवाज नाही, दिसतं अंतराळवीरासारखं. पण ते शिकवणारे लोक पहिल्या दिवशी सांगतात की हे यंत्र न सांगता मारतं. ऑक्सिजन कमी पडला तर गुदमरल्यासारखं वाटत नाही, माणूस फक्त झोपी जातो. जास्त झाला तर झटके येतात, आणि पाण्याखाली झटका म्हणजे तोंडातून नळी सुटणं. कार्बन डायऑक्साइड साचला तर धाप अशी लागते की नळी बदलायला एक श्वाससुद्धा रोखवत नाही. म्हणून ऑक्सिजन मोजणारे तीन सेन्सर, उतरण्याआधी लेखी तपासणी, काठावर बसून काही मिनिटं त्याच यंत्रातून श्वास, संकटासाठी वेगळे सिलिंडर. आणि यंत्राचं मॉडेल बदललं की प्रशिक्षण पुन्हा. स्कूटरचं लायसन्स आहे म्हणून ट्रक चालवणारे आपण, आपल्याला हे जाचक वाटेल.

यावरचा आम्हाला आवडलेला चित्रपट म्हणजे जोना मलाक यांचा २०२०चा 'डेव्ह नॉट कमिंग बॅक'. दक्षिण आफ्रिकेत बुशमन्स होल नावाचं खोल पाणी आहे. १९९४ला तिथे डेऑन ड्रायर हा तरुण बुडाला. दहा वर्षांनी डेव्ह शॉ या ऑस्ट्रेलियन वैमानिकाला २७० मीटरवर त्याचा देह दिसला. ८ जानेवारी २००५ला तो देह वर आणायला शॉ उतरला आणि स्वतःच परतला नाही. त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. मृत्यू त्यात चित्रित झाला.

हा चित्रपट आम्हाला अस्वस्थ करतो, दोन विरुद्ध कारणांनी. मरणाऱ्या माणसाचा श्वास आपण तिकीट काढून ऐकावा का? आमच्या तिघांचं यावर एकमत नाही, एकजण मध्येच उठून गेला होता. पण दुसरी बाजू अशी की हा चित्रपट तो श्वास नुसता ऐकवत नाही, समजावतो. एवढ्या खोलवर वायू दाट होतो, तो आतबाहेर ढकलायलाच कष्ट पडतात. त्यात देह पिशवीत भरायची मेहनत. कार्बन डायऑक्साइड साचत जातो. दिव्याची वायर दोरीत अडकते. एरवी दिवा बाजूला करताना शॉ ती वायर मानेमागे टाकत असे. यावेळी हेल्मेटवर कॅमेरा असल्याने ते जमत नव्हतं. म्हणजे जो कॅमेरा आपल्याला हे सगळं दाखवतोय, तोच त्याच्या सवयीच्या आड आला. सरावात नसलेली एक वस्तू. चित्रपटांवर बोलायला आलेल्या आम्हाला ही गोष्ट अजून पचलेली नाही.

आणि त्याच चित्रपटात डॉन शर्ली आहे. शॉचा मित्र, स्वतः तांत्रिक डायव्हिंग शिकवणारा. त्याच्या रिब्रीदरचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण दाबाने खोलवर फुटलं. त्याने ऑक्सिजन हाताने घालत यंत्र चालवलं. वर येताना अंतर्कर्णात हेलियमचा बुडबुडा झाला, सगळं गरगरायला लागलं, दोरी सुटता सुटता हाताला लागली. मग उलट्या करत, एकेका टप्प्यावर थांबत, बारा तासांहून जास्त वेळाने तो वर आला. चार दिवसांनी दोर ओढताना शॉ आणि ड्रायर दोघांचेही देह वर आले. शर्लीला आम्ही 'वाचलेला' म्हणत होतो. चित्रपट दुसऱ्यांदा पाहिल्यावर तो शब्द अपुरा वाटू लागला. जे इतरांना शिकवलं ते त्याने बारा तास करून दाखवलं, आणि वर्ग रिकामा होता.

फिनलंडचा 'डायव्हिंग इनटू द अननोन' (२०१६) यापुढे थोडा कोरडा आहे. २०१४च्या फेब्रुवारीत नॉर्वेतल्या प्लूरा गुहेत दोन मित्र गेले, पोलिसांनी बंदी घातली, मार्चमध्ये उरलेल्या मित्रांनी गुपचूप जाऊन देह आणले. निर्णय बरोबर होता का, यावर चित्रपट बोलत नाही. पण तयारीची टेबलं, हिशेब, नळ्या तपासणारे गप्प हात त्यात भरपूर आहेत. आम्हाला ते पुरलं.

आता हे सगळं पुण्यात कशाला, याकडे परत. ३० जून २०२४ला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. दरवर्षी काही तरी असतंच. शोधायला शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक उतरतात. बातमीत ते 'जिवाची पर्वा न करता' उतरतात. आम्हाला हा वाक्प्रचार आता खुपतो. जिवाची पर्वा करतात म्हणून तर दोर, जॅकेट, हेल्मेट आणि पावसाळ्याआधीचा सराव. त्या सरावाची बातमी होत नाही. होते ती चित्रपटासारखीच, शेवटच्या षटकाची.

दुसरी गोष्ट मालवणची. सुट्टीत निम्मं पुणं तिथे असतं. आम्हीही एका होडीवरून उतरलो होतो, कुणाची ते सांगत नाही. दहा मिनिटांत हाताच्या चार खुणा शिकवल्या, मागून एकाने सिलिंडर धरला, मासे दिसले, फोटो निघाले. मास्कमध्ये पाणी शिरलं तेव्हा काय करायचं हे दहा मिनिटांत बसलं नव्हतं. ठसकत वर आलो, खोली पुरुषभर होती म्हणून निभावलं. वाईट एवढंच की परत आल्यावर आम्ही लोकांना "स्कूबा केलं" असं सांगत होतो. सहलीला सहल म्हणावं, तक्रार नाही. त्याच किनाऱ्यावर तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे तलावातून सुरुवात होते. गिर्यारोहणात हा फरक पुण्याला कळतो. उत्तरकाशीचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स केलेला मुलगा आणि सिंहगड चढलेला मुलगा यांच्यात आपण गल्लत करत नाही. पाण्याच्या बाबतीत करतो.

वेळ संपत आलाय असं संयोजक खुणावतायत, वर या अशी खूण आहे ती. (हशा) एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतील एका महिलेने विचारले: माझा मुलगा डिसेंबरमध्ये अंदमानला डायव्हिंगचा कोर्स करायला चाललाय, त्याचं आधीच गुहेपर्यंत पोचलंय. त्याला यांतला कोणता चित्रपट दाखवू?)

ताई, आत्ता कुठलाच नको. गुहा फार पुढची गोष्ट आहे. आधी समुद्रातले दोन-तीन टप्पे, मग अनेक डाइव्ह, मग कुणी तरी "अजून नाही" म्हणणारा शिक्षक. कोर्सची फी भरण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारायला सांगा: एका शिक्षकामागे किती मुलं, तलावात किती वेळ, आणि मागच्या वर्षी तुम्ही किती जणांना प्रमाणपत्र नाकारलं. आणि परत आला की तुम्ही विचारा, पाण्याखाली मास्क पूर्ण काढून परत घालायला किती वेळा लावलं.

(त्या म्हणाल्या: एवढं विचारलं तर चिडेल तो.)

चिडू दे.